बायजा कासारीण आणि किमयाचा उजवा हात

पेणच्या बाजारपेठेत बायजाबाईचं बांगड्यांचं दुकान होतं असं म्हटलं, तर तो दुकान या शब्दाचा अपमान होईल. एका कापडवाल्याच्या पायरीवर तिची जागा होती आणि तिथे ती आठवड्यातून दोनच दिवस सापडायची. उरलेले दिवस एसटीने फिरायची. आज गडब, उद्या कोलाड, परवा रोह्याकडची गावं. डोक्यावर पेटी, खांद्यावर लाल-हिरव्या बांगड्यांच्या लडी आणि तोंडात अशी जीभ, की कंडक्टरसुद्धा तिच्याकडे सुटे मागायला कचरायचे.

बायकांचे हात हाच तिचा धंदा. नव्या सुनेचा हात हातात घेतला, की माहेरी हिने भांडी घासली होती की नुसती नखं रंगवली होती, ते तिला कळायचं. आणि कळलं की ती ते लगेच सासूला सांगायची. त्यामुळे सासवांमध्ये तिला फार मान होता आणि सुनांमध्ये अजिबात नव्हता.

लहान पोरींना पहिल्या काचेच्या बांगड्या भरायच्या, तर त्या बायजाबाईनेच, असा आसपासच्या गावांचा ठराव झालेला होता. तान्ह्या पोरीचा अंगठा ती अलगद तळहातात दुमडायची, बोटांची चवड करायची आणि पोरीला कळायच्या आत बांगडी मनगटावर. पोर रडायची नाही, काच तडकायची नाही. एवढं कसब अंगात असलेल्या माणसाने काय करावं? कौतुक करून घ्यावं. बायजाबाईने वीस वर्षं तेच केलं.

या वीस वर्षांच्या सुरुवातीलाच कधीतरी रोह्याजवळच्या एका गावात तिने पुतळी नावाच्या वर्षभराच्या पोरीला बांगड्या भरल्या. डावा हात लोण्यासारखा मऊ. उजव्याची मूठ मात्र घट्ट मिटलेली आणि अंगठा आत अडकलेला. उघडायला गेलं की मूठ अधिकच आवळायची. दुसरी कुणी असती तर थांबली असती. बायजाबाई कसली थांबते! तिने दोन मापं मोठी बांगडी काढली आणि झटक्यात चढवली. सगळ्या बायका 'वा गो वा' म्हणाल्या. पुतळीच्या आईने चहाबरोबर पोहे दिले. त्या हाताला काय झालंय, हे कुणी विचारलं नाही, कारण बांगडी चढली होती आणि पोहे चांगले झाले होते.

पुढे १९९५च्या वैशाखात त्याच पुतळीच्या लग्नाचा चुडा भरायला बायजाबाईला बोलावणं आलं.

पुतळी आता एकोणीस वर्षांची होती. डाव्या हातात चुडा सरसर चढला. उजवा हात तिने पदराखालून बाहेर काढला, तेव्हा बायजाबाईने तो ओळखला. कोपरात वाकलेला, मनगटात वळलेला आणि अंगठा अजून तळहातातच. फक्त आता तो हात डाव्यापेक्षा बारीक होता आणि हाडापर्यंत कडक झाला होता. पहिली बांगडी फुटली. लग्नघरात फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं असतं. तशा सहा बांगड्या वाढल्या. पुतळीच्या मनगटावर रक्ताचे बारीक ठिपके आले.

खोलीत तेव्हा निदान पंधरा जाणत्या बायका होत्या. एक म्हणाली, साबण लावा. दुसरी म्हणाली, पोरगी मुद्दाम आखडतेय. तिसरीने ग्रहणाचा विषय काढला. शेवटी त्या हातात पेचाची, उघडबंद होणारी पितळी कांकणं घातली आणि वरपक्षाला सांगायचं ठरलं, की लहानपणी झाडावरून पडली. पुतळी जन्मात कधी झाडावर चढली नव्हती. एका हाताने चढता येत नाही.

बायका पांगल्यावर पुतळी हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या पयल्या बांगड्या तुम्हीच भरल्या होत्या ना?"

"व्हय."

"तवा पण हात असाच होता?"

बायजाबाई फुटक्या काचा वेचत बसली. "नाय गो," असं सांगायला तोंड उघडलं आणि तिच्याने ते सांगवेना. "असाच होता," ती म्हणाली. "पण तवा मऊ होता."

पुतळीने बाजूला सारलेला पदर पुन्हा हातावर ओढून घेतला, एवढंच.

पुढच्याच आठवड्यात बायजाबाई पेणच्या मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसली. रडणारी बाळं आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेले बाप यांच्या रांगेत ही पन्नाशी उलटलेली बाई, मांडीवर बांगड्यांची पेटी. नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "मूल कुठंय?"

"मूल लगीन होऊन सासरी गेलं. पण मला इचारायचंय."

डॉक्टर तसे घाईचे माणूस, पण त्यांची बायको बायजाबाईचं गिऱ्हाईक होती, आणि बायजाबाईला ताटकळत ठेवलं तर घरी काय काय पोचेल याची त्यांना कल्पना होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं, की दोष हातात नसतो. जन्माच्या आसपास मेंदूला कुठेतरी इजा होते आणि मेंदूची डावी बाजू दुखावली तर उजवं अंग आखडतं. आईचा त्यात काही गुन्हा नसतो.

"मी तवाच सांगितलं असतं तर हात बरा झाला असता?"

"पूर्ण बरा झाला असता, असं मी म्हणणार नाही. पण मूल पहिल्या दोन-तीन वर्षांत हात वापरायला शिकतं. तेव्हा त्या हाताला काम लावलं तर तो बराचसा कामाचा राहतो. तसाच सोडला तर मूल दुसऱ्या हातावर भागवतं आणि तो हात राहून जातो."

"आनि हे मला कसं कळावं?"

डॉक्टर हसले. "तुम्हाला कळलंच होतं की! तुम्ही माप मोठं घेतलंत."

हे वाक्य बायजाबाईला जितकं लागलं, तितकं तिची स्वतःची वाक्यं आजवर कुणाला लागली नसतील.

मग तिने सगळ्या तालुक्याला भंडावून सोडलं. कुठेही बांगड्या भरायला बसली की हिची नजर बाळावर. मान धरतं का? बसवलं की एका बाजूला कलंडतं का? मूठ उघडतं का? बायकांना वाटायचं, कासारणीला म्हातारपणी नातवंडांची ओढ लागली. नव्याने शिकलेल्या माणसाला सगळीकडे तेच दिसायला लागतं, तसं तिचंही झालं. कोलाडला एक पंधरा महिन्यांची पोर अजून चालत नाही म्हणून तिने असा काही गहजब केला, की घरची माणसं पोरीला घेऊन धावत डॉक्टरकडे गेली. पोर ठणठणीत निघाली आणि चार दिवसांनी अंगणभर धावू लागली. तिच्या आजीने कोलाडच्या एसटी स्टँडवर, चहावाला, दोन रिक्षावाले आणि रोह्याच्या गाडीची वाट बघणारी तमाम जनता यांच्यासमोर बायजाबाईची जी पूजा बांधली, ती ऐकून चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

बायजाबाई पुन्हा डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, "पंधरा महिन्यांना न चालणं म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. अठरा महिने झाले, तरी चालत नसेल तर दाखवा. पण एक बाजू एक करते आणि दुसरी करत नाही, असं दिसलं, किंवा येत असलेलं काही येईनासं झालं, तर मात्र एक दिवसही थांबू नका."

तिला लिहिता येत नव्हतं. तिने ते तिथेच दोनदा म्हणून दाखवलं आणि डॉक्टरांनी मान हलवल्यावरच उठली.

१९९८च्या संक्रांतीला ती गडबला गिरजाबाईच्या घरी गेली. गिरजाबाई म्हणजे आळीतलं वजनदार माणूस. घरची भातशेती, मुलगा धनेश डोलवीला कंपनीत कंत्राटावर लागलेला, त्यामुळे घरात रंगीत टीव्ही आणि बोलण्यात 'आमच्या धनेशची शिफ्ट' सारखी यायची. धनेशची बायको नूतन नागोठण्याकडची, अबोल. त्यांची पोर किमया अकरा महिन्यांची झाली होती आणि तिला बोरन्हाणासाठी पहिल्या काचेच्या बांगड्या हव्या होत्या.

आळीतल्या बायका जमल्या होत्या. बायजाबाईने किमयाचा डावा हात धरला, बांगडी चढली. मग उजवा हात धरला. अंगठा आत. मूठ उघडताना तीच ती ओढ, रबरासारखी.

पेटीतलं मोठं माप हाताशीच होतं. तिने ते घेतलं नाही. एक लाल बांगडी तिने किमयाच्या उजव्या बाजूला धरली. पोरीने डावा हात पोटावरून पलीकडे नेऊन ती पकडली. बायजाबाईने बांगडी काढून घेतली, डावा हात हळूच धरून ठेवला आणि पुन्हा उजवीकडे बांगडी नाचवली. उजवा हात कोपरातून थोडा हलला. मग पोरीने मान पुढे केली आणि बांगडी तोंडाने धरायला गेली.

बायका हसल्या. "मांजरावानी करते गो!"

"डावरी हाय," गिरजाबाई अभिमानाने म्हणाली. "आमचे सासरे डावरे व्हते. एका हातानं पोतं उचलायचे."

"अकरा महिन्यांची पोर डावरी नसते, गिरजाबाय. या वयात पोरं दोन्ही हातांनी वरबाडतात. रांगते कशी ही?"

"खेकड्यावानी, तिरपी. लय गोड दिसते."

"उभी कर बघू."

नूतनने पोरीला उभं धरलं. डावं पाऊल जमिनीवर टेकलं. उजव्या पायाची टाच वरच राहिली.

"हिला डॉक्टरला दाखवा," बायजाबाई म्हणाली. "पेनला, मुलांच्या. आज-उद्यात."

बोरन्हाणाच्या दिवशी, भरल्या घरात, आळीसमोर! गिरजाबाईचा चेहरा आधी लाल झाला, मग तिला वाचा फुटली. "बांगड्या भरायला आलीस का पोरीला नजर लावायला? कोलाडला काय दिवे लावलेस ते ठावं हाय आमाला. उचल पेटी!"

बायजाबाईने पेटी उचलली. एरवी गिरजाबाईसारख्या तिघींना तिने जागेवर गार केलं असतं, पण त्या दिवशी कोलाडचं नाव ऐकून तिची जीभही जरा दबकली. फक्त दारातून ती नूतनला म्हणाली, "मी मंगळवारी नि शनिवारी पेनात असते, गो."

त्यानंतर घराने किमयासाठी काहीच केलं नाही, असा आरोप कुणी करू नये. घराने खूप केलं. भिंत रचता येईल इतक्या मिठाने आणि मोहरीने पोरीची दृष्ट काढली. मालीशवालीला रोज एकदाच्या ऐवजी दोनदा बोलावलं, तिने आखडलेला हात असा काही खेचला, की पोर तासभर ओरडत होती. ओरडते म्हणजे गुण येतोय, असं ठरलं. धनेशने पेणहून लाकडी पांगुळगाडा आणला. पोर त्यात एका टाचेवर नि एका चवड्यावर अंगणभर सरकायची आणि शेजारी टाळ्या वाजवायचे. हायवेवरच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी पोरीला टेबलावर न घेताच सांगितलं, "पोरी जरा उशिरानेच चालतात. टॉनिक देतो." टॉनिक गुलाबी होतं आणि चवीला बरं होतं. गिरजाबाईनेही दोन चमचे घेतलं.

या सगळ्यात फक्त नूतनला कुणी काही विचारलं नाही. पोर चार महिन्यांची असल्यापासून तिला दिसत होतं. झबलं घालताना उजवी बाही चढायची नाही, आंघोळीला मूठ उघडून आतला मळ काढावा लागायचा. एकदा ती सासूला म्हणालीही होती. "पयलटकरणीला सगळंच येगळं दिसतं," असं उत्तर मिळालं, तेव्हापासून तिने तोंड मिटलं होतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी ती पोरीला काखेत घेऊन पेणच्या त्या पायरीपाशी उभी राहिली.

"बांगड्या आणायला म्हणून आले, मावशी."

"मग भरायला नकोत? रिकाम्या हातांनी घरी गेलीस तर काय सांगशील?" बायजाबाईने तिच्या हातात भराभर डझनभर हिरव्या चढवल्या, पेटी कापडवाल्याच्या हवाली केली आणि दोघी निघाल्या.

डॉक्टरांनी किमयाला टेबलावर घेतलं. हात पाहिला, गुडघा वाकवून घोटा पाहिला, चटईवर सोडून तिचं ते गोड, तिरपं रांगणं पाहिलं. मग ते नूतनशी बोलले. बायजाबाईशी नाही, नूतनशी. "तुम्हाला कधीपासून दिसतंय?"

एवढं साधं विचारल्यावर नूतन जी रडायला लागली, ती थांबेचना. किमया आश्चर्याने आईकडे बघत राहिली आणि डॉक्टरांची टॉर्च डाव्या हाताने लंपास केली.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. दर बुधवारी पनवेलला फिजिओथेरपीच्या एक बाई बसायच्या, त्यांच्याकडे जायचं. पण त्याआधी घरी सांगायचं होतं.

धनेश पहिल्या शिफ्टवरून आला होता, गणवेशही उतरवला नव्हता. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "कासारणीच्या सांगण्यावरून माझी पोर पांगळी ठरवता काय?"

नूतन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "मी नाय ठरवत काय. तुमी तिचा डावा हात धरा नि तिला बिस्कूट द्या. बाकी काय करू नका."

धनेशने बिस्कीट पुढे केलं. पोरीने उजवा हात पुढे आणायचा प्रयत्न केला. मूठ बिस्किटाला लागली, ते खाली पडलं. धनेशने ते उचलून पुन्हा धरलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पोर रडायला लागली आणि धनेशने तिचा डावा हात सोडून दिला. मोठी मशिनं हाताळणारा माणूस एका बिस्किटापुढे खाली बसला. गिरजाबाई दारातून म्हणाली, "सासरे डावरे..."

"आये, गप," धनेश म्हणाला.

त्या बुधवारी तो सुट्टी टाकून पनवेलला गेला. फिजिओथेरपीच्या बाई, ज्यांना बायजाबाई शेवटपर्यंत 'फिजूबाई' म्हणायची, वयाने तरुण होत्या आणि त्यांना हसू फार कमी यायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी पांगुळगाड्याची कहाणी ऐकली आणि तो चुलीत घालायला सांगितला. हात खेचणारी मालीश बंद. रोज तासभर खेळताना डावा हात पदरात अडकवून ठेवायचा आणि उजव्याला काम द्यायचं. अंगठा बाहेर राहावा म्हणून कापडी पट्टी. पालथी घालून, उघड्या तळव्यावर भार देऊन रेलायला लावायचं. घोटा हळूहळू ताणायचा. पुढे पायात घालायला प्लास्टिकचा साचा.

"किती दिवस?" धनेशने विचारलं.

"दिवस नाहीत, वर्षं."

"मग बरी होईल?"

"बरी होण्याचं मला विचारू नका. चालेल, असं मला वाटतं. हात किती साथ देईल ते तुम्ही घरी काय करता त्यावर आहे."

असलं रोखठोक उत्तर घरात कुणालाच आवडलं नाही. मांत्रिक कसे, निदान अमुक अमावास्या तरी सांगतात. गिरजाबाईने तसं बोलूनही दाखवलं. पण नूतनने व्यायाम सोडला नाही. पीठ मळताना ती पोरीच्या उजव्या तळव्याखाली गोळा ठेवायची. पोर रडायची, गिरजाबाई कडाकडा बोटं मोडायची, शेजारीण कुंपणावरून "अगो, कशाला छळतेस लेकराला" म्हणायची. शेजारणीला त्याबद्दल कुणी कधी फिजूबाईंकडे नेलं नाही, हे तिचं नशीब. वाईट दिवसही आले. पावसाळ्यात दोन महिने पनवेलला जाणं झालं नाही आणि मूठ पुन्हा आवळली. तेव्हा नूतन तो प्लास्टिकचा साचा अंगणात भिरकावून बसली होती. दुसऱ्या दिवशी तो धनेशने धुऊन, पुसून आणला आणि पोरीच्या पायात घातला.

बाविसाव्या महिन्यात किमया चालली. उजवा पाय जरा ओढत, पण कुणाच्याही बोटाशिवाय. तोवर हाताचा अंगठाही बाहेर आला होता, आणि चेंडू दोन्ही हातांनी धरायला सांगितला तर दहातून सहा वेळा तरी धरता यायचा. धावली की अंगठा पुन्हा आत जायचा. तो पुढेही जातच राहिला.

आता हे श्रेय कुणाचं, हे ठरवायला गडब गावाला अजिबात वेळ लागला नाही. गिरजाबाईने देवीला बोललेला नवस फळला होता. मालीशवालीच्या मते तिनेच मुळात शीर मोकळी केली होती. हायवेवरच्या डॉक्टरांनी तर टॉनिकची बाटली दवाखान्यात पुढच्या फळीवर मांडली. १९९९च्या हळदीकुंकवाला महिला मंडळाने 'जागरूक माता' म्हणून सत्कार ठेवला आणि तो केला गिरजाबाईचा. तिने भाषणही केलं. "पोरीच्या हालचालीवर घरच्या जाणत्या मानसाचं बारीक ध्यान पायजे," असं ती म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नूतन मागे बसून किमयाच्या उजव्या हातात तिळाचा लाडू धरून होती. पोरीने तो दोनदा पाडला, तिसऱ्यांदा तोंडापर्यंत नेला.

बायजाबाईला आमंत्रण होतं, ते बांगड्या भरायला. ती आली, ओळीने सगळ्यांचे हात भरले. पण त्या वर्षापासून एक नवीनच उपद्व्याप तिच्यामागे लागला. जी ती आपलं पोर तिच्यासमोर आणून ठेवायची आणि म्हणायची, "बग गो, जरा हात लावून बग." दीड महिन्याचं पोर बसत नाही म्हणून एक रडत आली होती. बायजाबाई तिला म्हणाली, "दीड महिन्याची असताना तू काय पेन-रोहा गाडी पकडून आली व्हतीस?" दहा पोरांतली नऊ ती अशीच हाकलून लावायची. पण दहाव्याच्या आईला मात्र ती हाकलायची नाही. पेटी बंद करायची आणि विचारायची, "मंगळवारी येशील, का मी आत्ताच येऊ तुझ्यासंगं?"